बाळापूरचा उतारू

महाराष्ट्रात बाळापूर म्हटले की लोकांना अकोल्याजवळचे बाळापूर आठवते. आमचे बाळापूर वेगळे आहे हे कळावे म्हणून त्याच्यामागे ‘आखाडा’ लावावा लागतो. आखाडा बाळापूर! हे नाव सांगितले की शहरातली माणसे प्रथम आमच्या दंडांकडे पाहतात. त्या दंडांत विशेष काही नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात येते आणि मग ती पत्ता विचारतात.

पत्ता असा : तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला; त्याआधी आम्ही परभणीचे होतो. १९५६ नंतर आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, आणि त्या सगळ्याच्या आधी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. आमच्या घराची ओसरी जागची हलली नाही. राज्येच तिच्यासमोरून ये-जा करीत राहिली. गावाभोवती हळद, सोयाबीन, कापूस. गावाला रेल्वे नाही, पण रस्ता आहे. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ अकोल्याहून निघतो, वाशीम, हिंगोली, आमचे गाव, नांदेड, देगलूर करीत तेलंगणात संगारेड्डीला जातो; तेथून हैदराबाद अगदी जवळ. उलट मुंबई गाठायची तर नांदेडला जाऊन आगगाडी धरायची. असे हे आमचे गाव दोन महानगरांच्या मध्ये, दांडीवर वाळत घातलेल्या धोतरासारखे लोंबते आहे.

आता बसच्या गोष्टीकडे वळतो. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो रेंगाळत रेंगाळत २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचे म्हणणे चूक होते असे मी मुळीच म्हणणार नाही. तुटपुंज्या पगारावर संसार ओढणे काय असते ते एका शाळामास्तरला कोणी सांगायला नको. पण ते साडेपाच महिने आमच्या भागाने कसे काढले ते शहरातल्या वाचकांना कळणे कठीण आहे. ज्याच्याकडे मोटारसायकल होती त्याचे भागले. म्हाताऱ्यांचे दवाखाने चुकले. आणि कळमनुरीला, नांदेडला पासावर शिकायला जाणाऱ्या मुली घरी बसल्या. मुलग्यांना कोणाच्याही मागे बसून जाता येते; मुलींना घरचे लोक तसे जाऊ देत नाहीत. आमच्या गल्लीतली बारावीची एक मुलगी त्या हिवाळ्यात घरी बसली, आणि उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. पुन्हा गाड्या सुरू झाल्या तेव्हा ती सासरी होती.

माझ्या नातीने तेव्हा मला विचारले होते, “आजोबा, मोठ्या शहरातल्या बशी पण अशाच बंद पडतात का? त्या कुणाच्या असतात?”

मी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवले. ‘त्या नगरपालिकेच्या किंवा महामंडळाच्या असतात’ हे उत्तर मी पाठ म्हणून दाखवू शकलो असतो. पण शहाण्णव गुणांपैकी सहा गुणांचेच ते उत्तर, असे मलाच वाटत राहिले. शेवटी गेल्या हिवाळ्यात सौभाग्यवतींना म्हटले, “चला, दोन्ही शहरांच्या बसमधून हिंडून येऊ.” त्या म्हणाल्या, “काशी-रामेश्वर सोडून हे काय नवीन तीर्थ काढलं?” पण पिशवी मात्र त्यांनी त्याच रात्री भरली.

नांदेडहून हैदराबादला एस.टी.नेच निघालो. येथे थोडा वयाचा हिशेब सांगितला पाहिजे. मला शहात्तर वर्षे पूर्ण झाली आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. पण या दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपर्यंत! देगलूर मागे पडेपर्यंत मी अमृत ज्येष्ठ नागरिक होतो. मद्नूरच्या अलीकडे हद्द लागली आणि कंडक्टरच्या हिशेबी मी एकदम तरुण, पूर्ण तिकिटाचा उतारू झालो. सौ. म्हणाल्या, “बघा, तुम्हांला वय कमी करून हवं होतं ना!”

हैदराबादविषयी आमच्या घरात एक जुनी आठवण आहे. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, शेताच्या बांधाच्या एका दाव्यापायी निजामी अमदानीत हैदराबादला जात. गावापासून नांदेडपर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी, खिशात हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हे गणित त्यांना झोपेतही येई. दावा ते हरले. पण हैदराबादच्या बसचे कौतुक त्यांनी मरेपर्यंत केले. ते म्हणत, “त्या बसला आगगाडीची शिस्त होती.” मोठेपणी वाचून मला कळले की हे बोलणे अक्षरशः खरे होते. ती बस आगगाडीचीच होती!

निजाम सरकारने १९३० साली आपली रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि दोनच वर्षांनी, १९३२ च्या जूनमध्ये, त्याच रेल्वेखात्याने रस्त्यावरची बससेवा सुरू केली. सत्तावीस गाड्या आणि एकशेसहासष्ट नोकर, एवढाच तो प्रपंच होता. सरकारी मालकीची बस हिंदुस्थानात ज्यांनी अगदी आरंभी चालवली त्यांत हे खाते मोडते. आपल्या एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी. निजामाच्या राजवटीबद्दल आमच्या पिढीचे मत काय आहे ते वेगळे सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस आम्ही अजून झेंडावंदन करून पाळतो. पण जे बरे होते त्याला बरे म्हणायला हरकत नसावी.

आणि या खात्याची खरी मौज पुढेच आहे. राजधानीतल्या चारमिनारकडे जाणारी गाडी आणि जिल्ह्याच्या धुळीतून धावणारी गाडी, दोघींचा धनी एकच. शहराच्या बसला एक संस्था आणि खेड्याच्या बसला दुसरी, असा भेद तेथे नव्हता. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा इकडे आला. १९५८ साली आंध्रचे महामंडळ झाले. आंध्र आणि तेलंगण वेगळे झाल्यावर तेलंगणाचे स्वतंत्र झाले. नावे बदलली, पण ती पद्धत आजही कायम आहे. हैदराबाद शहरातली बस आणि तेलंगणातल्या एखाद्या तांड्यावरची बस एकाच महामंडळाची असते.

आम्ही उतरलो ते महात्मा गांधी बसस्थानकावर. मुसी नदीच्या पात्रातल्या बेटावर हे स्थानक १९९४ साली उभे राहिले. फलाट मोजता मोजता सौ.चे पाय दुखू लागले, तेव्हा आम्ही मोजणी सोडून चहा घेतला. अण्णांच्या वेळचे गौळीगुड्याचे जुने बसस्थानक मात्र आता पाहायला मिळत नाही. विमाने ठेवण्याचा एक प्रचंड पत्र्याचा हँगर आणून उभा केला होता, त्यात बसगाड्या लागत. अण्णा त्याला ‘लोखंडी ढग’ म्हणत. तो ढग जुलै २०१८ मध्ये एका सकाळी कोसळला. धोका ओळखून तो आधीच रिकामा केला होता, म्हणून जीवहानी टळली.

शहरबसमध्ये चढलो. बायकांनी पुढच्या दाराने, पुरुषांनी मागच्या, अशी तिथली रीत. म्हणजे लग्नानंतर इतक्या वर्षांनी प्रथमच आम्ही एका गाडीत असून परगावी असल्यासारखे झालो. पाट्या तेलुगूत. अण्णा उर्दू शाळेत शिकलेले, त्यांना त्या काळी सगळे वाचता येई. मला ना तेलुगू, ना उर्दू. मी खिडकीतून देवळे आणि मशिदी पाहून अंदाज करीत बसलो. पुढल्या अंगाला काय चालले आहे ते गर्दीमुळे दिसत नव्हते. ते नंतर सौ.कडून कळले.

डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना साध्या गाड्यांतून प्रवास मोफत आहे. कंडक्टर त्यांना शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. शेजारच्या दोघी-तिघींनी आपले आधारकार्ड दाखवून तशी तिकिटे घेतली. सौ.नीही ऐटीत आपले कार्ड पुढे केले. कंडक्टरबाई नम्रपणे म्हणाल्या, “अम्मा, महाराष्ट्र का आधार नहीं चलता.” सौ.नी पैसे दिले. पण शेजारणीला विचारल्याशिवाय त्या राहतात थोड्याच! मोडक्या हिंदीत दोघींच्या गप्पा जमल्या. ती बाई चार घरी स्वयंपाक करणारी. पूर्वी बसचे पैसे वाचवायला दोन घरे चालत करी आणि लांबची कामे घेतच नसे. आता घरे लांबची धरली आहेत, पगार वाढला आहे. “पण बसायला जागा मिळत नाही,” असेही ती म्हणाली. ते तर दिसतच होते. गाडीत मुंगीला शिरायला वाव नव्हता.

मोफत प्रवासाविषयी शहरी मंडळींची नाके मुरडतात हे मी ऐकून आहे. माझेही मत सरसकट अनुकूल नाही; महामंडळाच्या तिजोरीत सरकारने ती रक्कम वेळच्या वेळी भरली नाही तर हे औदार्य शेवटी टायर आणि ब्रेक यांच्या पोटावर येते. पण त्या बाईची दोन जास्तीची घरे मी विसरू शकत नाही.

सिकंदराबादला देवगिरी एक्सप्रेस धरली. ही गाडी नांदेडवरूनच मुंबईला जाते. नांदेड स्टेशन आले तेव्हा सौ. हळूच म्हणाल्या, “उतरायचं का? घरी पोचू जेवायच्या वेळेला.” मी ऐकले नाही असे दाखवले.

मुंबई मी पहिल्यांदा पाहिली १९६३ साली. गिरगावात माझे काका एका छापखान्यात कामाला होते. त्यांनी मला बोरीबंदरहून दादरपर्यंत ट्रामने नेले. चालक उभा राहून पायाने घंटा बडवी आणि त्या खडखडाटात ती पेटी आपल्याच गुर्मीत चाले. काका म्हणाले होते, “नीट बघून घे. आता ही जायची.” ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम याच मार्गावर धावली. जिची सुरुवात ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी झाली आणि ७ मे १९०७ पासून जी विजेवर चालली, तिचा असा शेवट झाला. त्याच सफरीत ट्रॉलीबसही पाहिली. वर दोन तारांना दोन काठ्या टेकवून ही गाडी आवाज न करता येई, आणि रस्ता ओलांडणाऱ्याच्या पाठीशी येऊन उभी राही. १९६२ साली ती आली, १९७१ साली गेली.

बस मात्र राहिली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मुंबईची पहिली बस धावली. ट्राम चालवणारीच कंपनी ती चालवीत होती, आणि विजेचा पुरवठाही त्याच कंपनीचा. १९३७ साली दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, मुंबई महापालिकेने हा सारा संसार आपल्याकडे घेतला. तेव्हापासून ‘बेस्ट’ ही मुंबईकरांच्या मालकीची झाली.

या बेस्टचे गुपित काय होते? पुष्कळांना वाटते, शिस्त. शिस्त होतीच. मागून चढा, पुढून उतरा, थांब्यावर रांग, घंटीच्या दोरीचा एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पण शिस्तीने पोट भरत नाही. खरे गुपित असे, की या घरात दोन भाऊ होते. थोरला वीज विकून मिळवी आणि धाकटा बस चालवून घालवी. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत घराघरांत दिवा लागे आणि त्या दिव्यातून बसला तेल मिळे. एकत्र कुटुंबात असेच चालते. मिळवता भाऊ कुरकुरतो, पण ताट सगळ्यांचे वाढले जाते. पुढे वीज आणि बस यांचे हिशेब वेगळे करा असा आग्रह सुरू झाला. २००३ च्या वीज कायद्यानंतर हा वाद आयोग आणि न्यायालये यांच्या दारांत वर्षानुवर्षे चालला, आणि वीजग्राहकाकडून बसची तूट भरून घेण्याची वाट अखेर बंद झाली. थोरला वेगळा निघाला! धाकट्याने मग एकेक भांडे मोडीत काढायला सुरुवात केली. २०१० च्या सुमारास बेस्टच्या गाड्या साडेचार हजारांच्या आसपास होत्या. आता सगळ्या मिळून तीन हजारांच्या आत आल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक कंत्राटदारांकडून भाड्याने घेतलेल्या. डिझेलवरची शेवटची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी हार घालून निरोपाला पाठवली. मी ते छायाचित्र वर्तमानपत्रात पाहिले तेव्हा मला काकांचे शब्द आठवले.

दुमजली बस अगदीच गेली असे मात्र नाही. त्याच वर्षी विजेवरच्या, थंड हवेच्या नव्या दुमजली गाड्या आल्या. सीएसएमटीहून एनसीपीएला जाणाऱ्या ‘ए-११५’ मध्ये आम्ही वरच्या मजल्यावर अगदी पुढे जाऊन बसलो. ९ मे २०२५ पासून वातानुकूल गाडीचे किमान तिकीट बारा रुपये झाले आहे; २०१९ साली तेच सहा रुपयांवर आणले होते. दोघांचे चोवीस रुपये दिले. सौ.नी एकवार विचारून घेतले, “इथं बायकांना काही नाही?” काही नाही. एस.टी.तली अर्धी सवलत एस.टी.पुरती. म्हणजे एकाच बाईला आपल्या राज्याच्या एस.टी.त अर्धे, परराज्यात पूर्ण, आणि आपल्याच राज्याच्या राजधानीत पुन्हा पूर्ण! पण समोर मरीन ड्राइव्ह उघडला, समुद्र दिसला, आणि हा हिशेब त्यांनी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी दादरहून परळकडे एका लहान गाडीने निघालो. गाडीच्या कपाळावरचा आकडा आपल्या मराठी लिपीत झळकत होता. अनोळखी शहरात आपले आकडे भेटले की किती धीर येतो ते हैदराबादेत पाट्या न वाचता आलेल्या माणसाला विचारा. गर्दी नव्हती. कंडक्टर साताऱ्याकडचे, बोलके. मी म्हटले, “ही गाडी बेस्टची ना?”

ते हसले. “मास्तर, रंग बेस्टचा, रूट बेस्टचा, तिकीट बेस्टचं, मी बेस्टचा. गाडी कंपनीची. आणि आमचे ड्रायव्हरसाहेबही कंपनीचे.”

“मग दोघांचे साहेब वेगळे?”

“साहेब वेगळे, पगार वेगळा, सुटी वेगळी. सिग्नल तेवढा एक.”

चालक तरुण होता, उत्तरेकडला. गाडी मात्र फार हळुवार चालवीत होता; एक म्हातारी रेंगाळत येत होती तिच्यासाठी थांबला. त्याच्या कामाला मी नावे ठेवणार नाही. पण एका गाडीत दोन धनी बसले की काय होते हे मुंबईने पाहिले आहे. ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या आठवड्यात कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी काम बंद केले. गाड्या कंपन्यांच्या, चालक कंपन्यांचे. थांब्यावर उभा राहिलेला उतारू मात्र बेस्टच्या नावाने खडे फोडीत होता. तो तरी दुसरे काय करणार? कंपनीचे नाव त्याला ठाऊकच नव्हते.

कंत्राट हेच पाप आहे, असेही मी म्हणत नाही. लंडनमधल्या लाल बस १९९० नंतरच्या काळात खाजगी कंपन्यांकडे गेल्या आणि आजही त्याच चालवतात. पण तेथे गाडी कोणत्या रस्त्याने, किती वेळाने, किती भाड्याने धावायची ते एकच सार्वजनिक संस्था ठरवते आणि चुकले तर जाबही तीच देते. हैदराबादच्या महामंडळातही भाड्याच्या गाड्या पुष्कळ आहेत. आपल्या एस.टी.तही विजेच्या भाड्याच्या गाड्या आल्याच आहेत. उद्या आमच्या बाळापूरला तशी गाडी आली तर मी आनंदाने बसेन. मला एवढेच कळले पाहिजे, की ती आली नाही त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या मुलीने कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे.

परत येताना आगगाडीत मी हे सारे सौ.ना समजावून सांगत होतो. त्यांना झोप आली आहे असा माझा समज झाला.

नांदेडला उतरलो आणि बसस्थानकावर आलो. हिंगोलीकडची गाडी लागायची होती. मी पेपर घ्यायला गेलो तेवढ्यात सौ. तडक वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

“तक्रारवही आहे का हो?”

तो गृहस्थ बिचारा गडबडला. “काय झालं, माय? कुणी काही बोललं का?”

“नाही, नाही. दाखवा की जरा.”

त्याने वही काढून खिडकीतून पुढे केली. सौ.नी चष्मा लावला, दोन पाने चाळली आणि वही परत दिली.

“काय लिहायचं हाय, माय?”

“आज काही नाही,” सौ. म्हणाल्या, “आमची गाडी कितव्या फलाटावर लागते?”